आधी लाल दाखव

निहार काजूकतलीचा बॉक्स उघडत होता, तेवढ्यात मी म्हणाले, "थांब. आधी लाल दाखव."

आमचं सॉफ्टवेअर रक्तपेढ्यांमध्ये चालतं. काही ठिकाणी जुनाट कॉम्प्युटर, काही ठिकाणी नवे, त्यामुळे प्रोग्रामिंगच्या भाषेच्या दोन आवृत्त्या आम्हाला सांभाळाव्या लागतात. कोड बरोबर चालतो का हे तपासणारं, एकीवर चालणारं टेस्टचं टूल दुसरीवर चालत नाही. निहारनं महिनाभर खपून नव्या आवृत्तीसाठी वेगळं टूल बसवलं होतं. आज दोन्ही स्क्रीन हिरव्यागार होत्या. सगळ्या टेस्ट पास.

"मॅडम, हिरवं दिसतंय की!" तो वैतागला.

मी मुद्दाम कोडमधली एक ओळ बिघडवली. आता ए गटाच्या पेशंटला बी गटाचं रक्त द्यायला आमचं सॉफ्टवेअर खुशाल हो म्हणणार होतं. जुन्या आवृत्तीची स्क्रीन लगेच लाल झाली, तिनं चूक पकडली. नवी हिरवीच राहिली.

निहारचा चेहरा उतरला. त्याचं टूल आमच्या टेस्ट उघडतच नव्हतं, काही न तपासताच पास म्हणत होतं. बॉक्स त्यानं स्वतःच बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सगळ्या टीमला बोलावलं आणि सर्वांसमोर तीच ओळ बिघडवली. दोन्ही स्क्रीन लालभडक! टेस्ट फेल झाल्यावर आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात माझ्या.

"आता उघडू बॉक्स?" त्यानं विचारलं.

"आधी ती ओळ नीट कर," मी म्हणाले, आणि पहिली काजूकतली त्याच्याच तोंडात कोंबली.