पैकीच्या पैकी

“सगल्याला दहा. कोनी नऊ दिला तर माज्याशी गाठ हाय,” भागूबाईने दबक्या आवाजात बजावलं.

वालीवमधल्या, नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगच्या चौदा बायका फॉर्म पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सुपरवायझरांना तीन महिने, दर शनिवारी नेतृत्वाचं ट्रेनिंग दिलं होतं. त्याचा उपयोग किती झाला, ते कंपनीला बघायचं होतं. आपल्या सुपरवायझरबद्दल प्रश्न दहा, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. फॉर्मवर नाव घालायचं नव्हतं. ऑफिसातली रचना फॉर्म वाटता वाटता बोलून गेली, की जो सुपरवायझर पहिला येईल त्याला सिल्वासाच्या नव्या प्लांटवर मॅनेजर म्हणून पाठवणार.

भागूबाईने तेवढंच उचललं.

त्यांचा सुपरवायझर एडवर्ड. बाथरूमला गेलेली बाई किती वेळाने परतली, ते घड्याळात बघणारा. ट्रेनिंगने त्याच्यात एकच फरक पडला होता. आता तो ओरडण्याआधी नावाला ‘जी’ लावायचा.

चौथ्या प्रश्नाशी हिनाचं पेन अडलं. ‘अडचणीच्या वेळी तुमचे वरिष्ठ तुमच्या पाठीशी उभे राहतात का?’ मुलगी तापाने फणफणली होती, तेव्हा तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. “हिनाजी, मग कायमचीच घ्या ना,” एडवर्ड सगळ्यांसमोर म्हणाला होता.

“मावशी, निदान इथं तरी खरं लिहू दे ना.”

“खरं लिवलंस तर तो हितंच ऱ्हाईल,” भागूबाई म्हणाली.

हिनाने ओठ चावत दहा लिहिले.

अकरा सुपरवायझरांत एडवर्ड पहिला आला. शंभरपैकी शंभर. भागूबाईने घरी जाताना जूचंद्रच्या चंडिकेला नारळ फोडला.

सोमवारी एडवर्ड केकचा मोठा खोका घेऊन पॅकिंगमध्ये आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“मला वाटायचं, तुम्ही सगळ्या पाठीमागे मला शिव्या घालता,” तो म्हणाला. “माझ्या घरच्यांनीसुद्धा मला एवढे मार्क दिले नसते. आज सकाळी मोठ्या साहेबांना लिहून देऊन आलो. मॅनेजरकी नको, सिल्वासा नको. अशी माणसं सोडून मी कुठे जाऊ? रिटायर होईपर्यंत इथेच, तुमच्यात.”

तो वाट बघत उभा राहिला.

शेवटी भागूबाईनेच पहिली टाळी वाजवली.