दुसऱ्या दिवशी जन्मणारे भाऊ

“सिस्टर, तुमच्या गावात जुळे मुलगे झाले, की दुसरा नेहमी दुसऱ्या दिवशीच कसा जन्मतो?”

इदाराने हे विचारलं तेव्हा सिस्टर मोरेनिके एका बाळाच्या मांडीवर कापूस दाबून धरत होत्या. जुळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इग्बो-ओरा गावच्या दवाखान्यात आज लसीचा वार. बाकं भरली होती. बऱ्याच जणींकडे एक बाळ पाठीला बांधलेलं, एक मांडीवर.

“दोन मुलींचंही तेच,” इदारा म्हणाली. “एक मुलगा, एक मुलगी असली, की मात्र दोघं एकाच दिवशी. ऑफिसात सगळे म्हणाले, योगायोग असेल. मला काही ते पटेना. म्हणून लागोसहून आले.”

लसींच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप इदाराच्या कंपनीचं होतं आणि ते तपासणं तिचं काम. काही महिने ते या दवाखान्यात चाललं होतं. सोमवारपासून राज्यभर जायचं होतं. तक्रार एकही नव्हती.

सिस्टर हसल्या. “जन्मतात गं एकाच दिवशी. तुझं मशीन मानत नाही.”

त्यांनी टॅब पुढे ओढला आणि परवा झालेल्या जुळ्यांची नोंद करून दाखवली. बारसं आठव्या दिवशी, त्यामुळे नावाची जागा रिकामी. आईचं नाव, तारीख, मुलगा. मग दुसरं बाळ. आईचं नाव, तारीख, मुलगा. पडद्यावर अक्षरं आली: या बाळाची नोंद आधीच झाली आहे.

सिस्टरनी तारीख एका दिवसाने पुढे सरकवली. मशीनने मुकाट्याने नोंद घेतली.

“आणि लस?”

“तीही एक दिवस उशिरा मागतं. पण उद्या लसीचा वार नसतो. मी दोघांना एकदमच टोचते, मशीनला दुसऱ्या दिवशी सांगते. काही अडत नाही.” त्यांनी कापूस टाकून दिला. “मी रजेवर होते, तेव्हा अडलं.”

बाकांकडे वळून त्यांनी हाक मारली, “इया इबेजी!”

जुळ्यांची आई म्हटल्यावर चार-पाच जणी उठल्या.

“सगळ्या नव्हे. शेतावरची, खोकल्याच्या बाळाची.”

ती पुढे आली. पाठीवरचं बाळ गुटगुटीत, झोपलेलं. हातातलं त्याच्याच वयाचं, पण अर्ध्या वजनाचं वाटावं असं. डोळेच मोठे.

“बदलीच्या नर्सने याला टोचलं,” तिने पाठीकडे मान वळवली. “आणि या हातातल्याची वेळ झाली नाही म्हणाली. मशीनमध्ये दाखवलंन. पुन्हा इतक्या लांब यायला मला जमलं नाही. मग डांग्या खोकला झाला. निळा पडायचा.”

इदारा बाजूला गेली आणि तिने ओबिओराला फोन लावला. अ‍ॅप त्याने लिहिलं होतं.

“ओबी, एक आई, एक तारीख, दोन्ही मुलगे. तुझं अ‍ॅप दुसऱ्याला पहिलाच समजतंय.”

“मुद्दाम केलंय ते,” ओबिओरा म्हणाला. “नेटवर्क अडलं की नर्स बटण दोनदा दाबायच्या, एका बाळाची दोन व्हायची. त्याच मागे लागल्या होत्या, काहीतरी कर म्हणून. मी स्वतः दाबून दाबून पाहिलं. बाळ एकच राहिलं.”

“कारण तू एकच बाळ घेऊन पाहिलंस.”

पलीकडून भराभर कळा दाबल्याचा आवाज आला.

“सोमवारी हे असंच गेलं ना, तर राज्यभर भाऊ दुसऱ्या दिवशी जन्मतील.”

“थांबवतो,” तो म्हणाला. “साहेबांशी मी बोलतो. बाळं किती झाली, ते आधी विचारायला लावतो.” मग स्वतःशीच बोलल्यासारखा, “आणि तिळी झाली तर?”

इदाराला त्याचा तो प्रश्न फार आवडला.

थोड्या वेळाने निरोप आला. सोमवारचं पुढे ढकललं होतं. तिने सिस्टरना सांगितलं, त्यांनी त्या बाईला सांगितलं, की आता धाकट्याची तारीख नीट होईल.

“धाकटा नाही, आमच्यात मागून येतो तोच मोठा,” बाई म्हणाली. “हा केहिंदे. आत बसून यानेच या पाठीवरच्या ताइवोला पुढे धाडलं, जा, जग चाखून ये म्हणून. तो रडला, बरं आहे म्हणाला, मग हा आला.” तिने इदाराकडे पाहिलं. “तुझं काय काम असतं, पोरी?”

“मशीन लोकांच्या हाती जायच्या आधी आपण वापरून बघायचं. कुठे चुकतंय ते.”

“म्हणजे ताइवोचं.”

“तसंच म्हणा.”

बाईच्या आवाजात राग नव्हता. पाठीवरचं फडकं सैल झालं होतं, ते बांधायला तिने हातातलं बाळ इदाराच्या हातात दिलं.

“मग तू आधी यायला हवं होतंस,” ती म्हणाली.