आजीचा उजवा डोळा

बैठकीच्या भिंतीवर रंगाऱ्याने दोन चौकोन रंगवून ठेवले होते, एक पांढरा, एक फिका पिवळा. आजीला मात्र दोन्ही पिवळेच दिसत होते. "एकाच डब्यातला रंग दोनदा फासून मला शेंडी लावतोस काय?" तिने त्याला फैलावर घेतलं आणि काम थांबवलं. आजोबांनी समजावलं, पण ऐकेल ती आजी कसली! मग तपासणीत तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी आधी उजव्या डोळ्यातला काढला. पट्टी सुटल्यावर घरी येऊन बघते तर काय, एक चौकोन दुधासारखा पांढराशुभ्र! रंगारी आणि आजोबा श्वास रोखून उभे. चूक कबूल केली, तर आजोबा जन्मभर ऐकवणार. आजीने शांतपणे उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्याने भिंत न्याहाळली. "मी म्हटलं नव्हतं? दोन्ही सारखेच!" रंगाऱ्याने ब्रश पिशवीत टाकला. "आजोबा, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की फोन करा."