नमुन्याचा जोड

फोरमन म्हात्रेंनी सुदामनं वेल्डिंगनं जोडलेल्या पट्ट्यांवर तीनदा घण घातला. लोखंड वाकलं, जोडाला तडाही गेला नाही.

“वा, सुदामराव! चौघांत तुमचाच जोड टिकला. कायमची नोकरी तुमचीच. चहा घ्या. गाव कुठलं म्हणायचं?”

बावीस वर्षांत सुदामची मराठी इथलीच झाली होती. ‘जालना’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण आईचं गाव नाकारायला जीभ रेटेना.

“गंजाम. ओडिशा.”

म्हात्रेंनी पुढे केलेला कप मागे घेतला. मघाचा ‘राव’ कुठल्या कुठे पळाला.

“मग आधी बोलायचं ना रे! बाहेरचा माणूस कायम करायचा नाही, वरून ताकीद आहे.”

“साहेब, जोड बघितलात ना?”

“जोडाला गाव नसतं. तुला आहे.”

सुदामनं आपल्या पट्ट्या उचलल्या. म्हात्रेंनी त्या काढून घेतल्या.

“राहू दे. ज्याला घेतोय, त्याला दाखवायला नमुना लागेल.”