इर्जिक

देवणीत सत्यमच्या घरासमोर गाडी थांबली, तरी आलोक उतरेना. मोबाइलवर लिहिलेला मजकूर तो पुन्हा वाचत होता.

"आत्या, एकदा ऐक. 'कंपनीच्या या निर्णायक टप्प्यावर आपल्या जुन्या सहकाऱ्यांचं योगदान अपेक्षित असून...'"

"निमंत्रण आहे का नोटीस?" सिंधूआत्यांनी विचारलं.

आलोकची लातूरची कंपनी लहानशी. सोयाबीनमधला ओलावा मोजणारी यंत्रं बनवायची. शेतकऱ्यांच्या एका मोठ्या गटाला सोमवारी यंत्रं द्यायची होती. जोडून झाली होती, पण एकेक तपासून बिनचूक करणारा सत्यम उन्हाळ्यातच सोडून गेला होता, आणि त्याच्या मागं आणखी तिघं. सोमवार हुकला तर कंपनीला कुलूप लागणार होतं.

सकाळी चहाच्या वेळी आत्यांनीच इर्जिकीचा विषय काढला होता. त्यांच्या लहानपणी शिरूर अनंतपाळला एखाद्याची मशागत मागं पडली, की लोक आपापले बैल आणि औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे. दिवस मावळायच्या आत रान तयार. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. एरवी घर डोक्यावर घेणारे आत्यांचे वडील आपल्या रानात इर्जिक असली की घागर घेऊन बांधाबांधानं पाणी पाजत फिरायचे. रान त्यांचं, पण औत कुठून धरायचं हे ज्याचे बैल तो ठरवायचा.

"आणि बोलवायला वडील कुणाला पाठवत नसत," आत्या आता म्हणाल्या. "स्वतः जायचे."

आलोकनं फोन गाडीतच ठेवला.

ओट्यावर सत्यमची आई नीलम्मा तूर निवडत बसली होती. "बन्नी अक्का, बन्नी," म्हणत तिनं सूप बाजूला सारलं आणि पाण्याचा तांब्या आणला. तिचं माहेर बिदरकडचं, पाहुणा दिसला की आधी कन्नडच तोंडात यायचं. सत्यम पलीकडं दूध मोजायचा काटा उघडून बसला होता; कंपनी सोडल्यापासून तो असे काटेच बनवायचा. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यानं ठेवला नाही.

"या सर," तो म्हणाला. कॉलेजात दोघं एका बाकावर बसायचे. 'सर' मुद्दाम होतं. "मीटिंग गोठ्यात घेऊ का? तिथं कुणी उलटून बोलत न्हाई. तुम्हाला बरं पडंल."

"सत्या," नीलम्मा म्हणाली.

आलोकचे कान लाल झाले. आत्यांच्या ओठांवर शब्द आले होते. त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

"उद्या इर्जिक घालतोय," आलोक म्हणाला. "तुला बोलवायला आलोय."

सत्यमनं आत्यांकडं पाहिलं. "हे आत्याबाईंनी पढवून पाठवलंय."

"शब्द तिचा आहे. मी मेसेज टाकणार होतो. तो नोटिशीसारखा झाला."

सत्यम हसला नाही. "गिऱ्हाइकासमोर मला गप केलंस तू. मी सांगायलो होतो, ओल्या दाण्याला यंत्र चुकतंय. तर म्हणे, सत्यम, हे नंतर."

"चुकतच होतं."

सत्यमचा स्क्रूड्रायव्हर थांबला. गोठ्यातली गाय तेवढी मान हलवत होती, तिच्या गळ्यातली घंटी वाजली.

"ते आम्ही दुरुस्त केलं, पण तू तपासल्याशिवाय मला खात्री नाही," आलोक म्हणाला. "उद्या कुणी कुठं बसायचं, आधी काय करायचं, सगळं तू ठरव. मी खोकी भरीन. चहा आणीन."

"अन गप बसायला जमंल का?"

"नाही जमलं तर तुझ्या गोठ्यात आणून बांध."

आधी नीलम्मा हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. सत्यमनं खाली बघत काट्याचा एक स्क्रू घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

"दिवाळीनंतर माझे काटे बसवायचेत. चार गावांत."

"बोलव. येईन."

"तवा बी तोंड बंद."

"तेव्हाही."

सत्यमनं स्क्रूड्रायव्हर फडक्यात गुंडाळला. खिळ्यावरचा शर्ट काढून अंगात घातला आणि बटणं लावता लावता विचारलं, "जेवायला काय हाय?"

आलोक गोंधळला. "काहीतरी मागवू की. पिझ्झा वगैरे..."

"इर्जिकीला?" नीलम्मानं विचारलं, आणि ती आत्यांकडं बघत राहिली.

"हुग्गी," आत्या म्हणाल्या. खपली गव्हाची ती गुळाची खीर त्यांनी कित्येक वर्षांत केली नव्हती. "मी करीन."

नीलम्मा उठून आत गेली. फळीवरून काहीतरी दणकन उतरल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती तांब्याचं भलंमोठं पातेलं कडेवर घेऊन.

"एवढ्या माणसांची हुग्गी लातूरच्या कुकरात व्हायची न्हाई, अक्का. घेऊन जावा. गुरांकडं मी बघते."

पातेलं डिकीत मावलं नाही. शेवटी ते मागच्या सीटवर आत्यांच्या शेजारी बसलं. सत्यम पुढं बसला आणि गाडी गावाबाहेर पडायच्या आतच फोन लावून मोकळा झाला.

"आरती, उद्या काय करायलीस?... न्हाई, त्याचा फोन न्हाई, तो दारात आला होता... हाव, स्वतः... बाकीच्या दोघांना पण सांग. ये तर खरं. आपलं टेबल खिडकीपाशी घेऊ."

खिडकीपाशी आलोकचं टेबल होतं. त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

पुढं रस्ता खराब होता. आत्यांनी खड्डा यायच्या आधीच पातेल्याभोवती हात टाकला.