गव्हर्नरांच्या घरचं सूप

इसोगाई जपानच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. त्यांच्या एका शब्दानं शेअरबाजार कोसळायचा, म्हणून घरीसुद्धा ते तोलूनमापूनच बोलायचे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बायकोनं, तोमिएनं, मिसो सूपचा वाडगा पुढ्यात ठेवला. "कसं झालंय?" "परिस्थिती समाधानकारक," ते सवयीनं म्हणाले. "अहो, पत्रकार गेले सगळे! बायको विचारतेय. खरं सांगा." इसोगाईंनी वाडगा खाली ठेवला. "खारट आहे." तोमिएचा चेहरा उतरला. "कधीपासून?" "तुझ्या आजारपणापासून. दोन वर्षं." "म्हणजे माझ्या जिभेची चव गेली, हे तुम्हाला ठाऊक होतं? आणि रोज मुकाट्यानं प्यायलात?" "तू स्वयंपाकच सोडशील, अशी भीती वाटली." ती डोळे पुसतापुसता हसली. "एवढा देश सांभाळलात आणि बायकोला घाबरलात!" इसोगाई उठून तिच्यासोबत शेगडीपाशी गेले. त्यांनी पातेल्यातलं सूप चाखलं. "थोडं पाणी घाल." तिनं घातलं. "अजून थोडं."