भिंतीखालची दोरी

आमच्या खाचरातल्या बांबूच्या मचाणावरून सहा दोऱ्या निघतात. पाच दोऱ्या आमच्या भातात उभ्या केलेल्या बुजगावण्यांना बांधल्या आहेत. ओढल्या की डबे खडखडतात आणि पाखरं उडतात. सहावी दोरी काकांनी विकलेल्या तुकड्यात जाते. तिथे आता पर्यटकांचा बंगला आहे. दोरी त्याच्या भिंतीखालून आत शिरते.

बंगल्याचा व्यवस्थापक सुगेंग गावातलाच. त्याला मचाणाची जागाही हवी होती. आज सकाळी तो चिखल तुडवत आला.

“तुमिरा काकू, रात्रभर डबे वाजतात. पाहुणे खोल्या सोडून चाललेत. आता तरी विका!”

“तिकडचे डबे तूच उकिरड्यावर फेकलेस ना रे? मग वाजतंय काय, तुझं डोकं?”

“दोरी तुम्हीच ओढता.”

काकू केळीच्या पानात भात बांधत होती. तिने दोन्ही हात वर करून दाखवले. सहावी दोरी तरीही ताठ होती.

मी धान्य तोलायचा ताणकाटा खांबाला टांगला आणि दोरी त्याच्या आकड्यात अडकवली. अकरा किलो.

सुगेंगने कोयता उचलला. “कापूनच टाकतो.”

“काप. पण जागा मागायला परत येऊ नकोस. मी मेले तरी हे मचाण इथून हलणार नाही.”

त्याने भिंतीपाशी दोरी कापली. आमच्याकडचं टोक चिखलात पडलं.

मी दोरी आकड्यातून सोडवली. काटा शून्यावर आला. मग तीच सैल, लोंबती दोरी पुन्हा आकड्यात अडकवली.

अकरा किलो.